वाचकांचे प्रश्न : यंत्राने लिहिलेला संदेश, पडद्यावरचे प्रभुभोजन आणि क्यूआरची थैली

या खेपेस आलेली बहुतेक पत्रे मोबाइलभोवतीच फिरतात. सारख्या प्रश्नांचे एकच पत्र घेतले आहे. नावे दिलेली नाहीत, फक्त उपनगर दिले आहे.

प्रश्न : संपादक मंडळास सलाम. आमच्या मंडळीला (चर्चला) दोन महिने पाळक (पास्टर) नाहीत. शनिवारी ड्युटीवरून रात्री आठला घरी आल्यावर मी रविवारचा संदेश (उपदेश) तयार करतो. चॅटजीपीटीकडून संदेश लिहून घेतला आणि वाचला तर चालेल का? — एक उपदेशक, कांदिवली

आयता लिहून घेऊन वाचू नका. तयारीला मदत घ्यायला हरकत नाही. या दोन गोष्टींतला फरक नीट सांगायला हवा, कारण ‘दुसऱ्याचे लिहिलेले वाचणे म्हणजे पाप’ असे आमचे म्हणणे नाही. इंग्लंडच्या चर्चने १५४७ मध्ये छापील संदेशांचा संग्रहच काढला होता. ज्या पाळकांना उपदेश करता येत नव्हता त्यांनी तो व्यासपीठावरून वाचायचा, अशी सोय होती. पण त्या संदेशांमागे माणसे होती, आणि शिकवण चुकली तर त्यांना जाब विचारता येत होता. यंत्राला जाब विचारला तर ते नम्रपणे माफी मागते आणि दुसरी चूक करते.

जून २०२३ मध्ये जर्मनीतल्या फ्यूर्त शहरात, सेंट पॉल चर्चमध्ये, सुमारे चाळीस मिनिटांची उपासना जवळजवळ पूर्णपणे चॅटजीपीटीने रचलेल्या मजकुरावर झाली. पडद्यावरच्या आकृत्या बोलत होत्या आणि तीनशेहून अधिक माणसे ऐकायला होती. मजकुरात फार मोठी चूक कोणी काढली नाही. अनेकांनी तक्रार केली ती कोरडेपणाची.

मराठीत मात्र मजकुरातच चुका निघतात, आणि त्या कुठे निघतात हे ठरलेले आहे. पहिली चूक वचनांची. यंत्र दोन-तीन भाषांतरांची खिचडी करते, किंवा इंग्रजी वचनाचे स्वतःच मराठी करून अवतरणचिन्हांत घालते. आपल्या पुढच्या बाकांवरच्या आजींना योहान ३:१६ पाठ असते. ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ हे त्या ओठांतल्या ओठांत तुमच्याबरोबर म्हणत असतात. तुम्ही ‘इतके प्रेम’ म्हणालात की सगळी रांग मान वर करून बघते. दुसरी चूक पुस्तकांच्या नावांची. ‘शास्ते’चे ‘न्यायाधीश’ होतात, ‘गणना’ची ‘संख्या’ होते, आणि ‘अनुवाद’ हे मोशेचे पाचवे पुस्तक आहे हे न कळून यंत्र भाषांतराबद्दल बोलू लागते. तिसरी आणि सर्वांत घातक चूक म्हणजे नसलेले वचन. ‘जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो’ हे पवित्र शास्त्रात कुठेही नाही. पण माणसे ते शास्त्राच्या नावावर खपवतात, आणि यंत्र माणसांकडूनच शिकले आहे.

तुमच्या शनिवारच्या रात्रीपुरते सांगायचे तर आठ ते साडेआठ मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. उतारा मोठ्याने तीनदा वाचा, शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या भाषांतरांतून. त्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्यायही डोळ्यांखालून घाला. मग अर्ध्या पानावर हाताने तीन गोष्टी लिहा: उतारा काय म्हणतो, आपल्या मंडळीत तो आज कोणाला लागेल, आणि सोमवारी सकाळी त्याने काय करावे. हे झाल्यावरच यंत्र उघडा. ‘संदेश लिही’ असे सांगू नका. ‘हा उतारा वाचून सातवीतल्या मुलाला पडतील असे दहा प्रश्न दे’ असे सांगा. यात ते खरोखर उपयोगी पडते. दहापैकी दोन प्रश्न असे असतात की आपल्याला ते सुचलेच नसते. गावांची अंतरे, नाणी, मापे हेही विचारा, पण उत्तर छापील शब्दकोशात किंवा टीकाग्रंथात पाहिल्याशिवाय वापरू नका. प्रत्येक वचन छापील पुस्तकातून हाताने उतरवा. व्यासपीठावर मिनिटाला साधारण शंभर मराठी शब्द होतात, म्हणजे पंधरा मिनिटांना दीड हजार पुरे.

मंडळीतल्या कोणाचे दुखणे, भांडण, घटस्फोट यंत्राला सांगून ‘यावर उदाहरण दे’ म्हणू नका. आणि मदत घेतली असेल तर कमिटीला सांगून ठेवा, लपवण्यासारखे त्यात काही नाही. गुरुवारी शिवडीच्या दफनभूमीत कोणाला मूठमाती दिली आणि त्याची बायको आज कितव्या बाकावर बसली आहे, हे फक्त तुम्हाला माहीत असते. संदेशाची पहिली दोन वाक्ये तिथूनच येतात.

एखाद्या शनिवारी खरोखरच काही जमले नाही, तर उतारा सावकाश वाचा, पाच मिनिटे बोला आणि बसा. लांबलेल्या संदेशाबद्दल तक्रारी ऐकू येतात, आटोपशीर संदेशाबद्दल कधी आल्याचे आठवत नाही.

प्रश्न : आई ८१ वर्षांची आहे. अर्धांगवायूनंतर अंथरुणावर असते. दर पहिल्या रविवारी टीव्हीवर आमच्या चर्चची उपासना लावतो. तिच्यासमोर पाव आणि द्राक्षाचा रस ठेवून पाळकांबरोबर प्रभुभोजन घेतले तर ते खरे धरले जाईल का? — एक मुलगी, विरार

तुमची मंडळी कोणत्या परंपरेतली यावर उत्तर अवलंबून आहे. कॅथोलिक चर्चची भूमिका स्पष्ट आहे. २००२ मध्ये व्हॅटिकनच्या समाजसंपर्क परिषदेने ‘चर्च आणि इंटरनेट’ या पत्रकात इंटरनेटवर संस्कार होत नाहीत असे लिहून ठेवले. पडद्यावरची मिस्सा (कॅथोलिक उपासना) पाहणे ही चांगली भक्ती, पण ख्रिस्तप्रसाद (कॅथोलिकांचे प्रभुभोजन) प्रत्यक्षच घ्यावा लागतो. आजारी माणसाला रविवारच्या मिस्साचे बंधन नसते, त्यामुळे आईच्या मनात अपराधाची भावना असेल तर ती काढून टाका. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र एकमत नाही. २०२० च्या टाळेबंदीत काहींनी घरच्या घरी परवानगी दिली, काहींनी साफ नाही म्हटले. म्हणून आपल्या बिशपांचा किंवा परिषदेचा निर्णय पाळकांना विचारा, शेजारच्या मंडळीचे पाहून ठरवू नका. जाता जाता एवढेही सांगायला हवे की साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथात प्रभुभोजनाचा विधी पाळलाच जात नाही, आणि त्यांच्या विश्वासात त्याने काही उणे येत नाही.

आमचे मत विचाराल तर टीव्हीसमोरच्या पावापेक्षा दारात आलेला पाळक बरा. पौलाने करिंथच्या मंडळीला भोजनाविषयी जे बजावले त्याचा रोख पदार्थांवर नव्हता. एकमेकांसाठी थांबा, असे त्याचे सांगणे होते (१ करिंथ ११:३३). याकोबही आजाऱ्याला मंडळीचे वडील बोलावून आणायला सांगतो. मुंबईत अडचण येते ती अंतराची. चर्च भायखळ्याला, माणसे विरार-बदलापूरला. म्हणून नुसते ‘कधीतरी या’ म्हणू नका. चर्चच्या ऑफिसात आजाऱ्यांची वही असते, तीत नाव, मजला, लिफ्ट आहे की नाही, आई कोणत्या वेळी जागी असते आणि स्टेशनवरून कोणती रिक्षा हे सगळे लिहून द्या. त्याच पट्ट्यातली आणखी दोन घरे जोडून दिलीत तर पाळकांची एक फेरी कारणी लागते. कॅथोलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) ख्रिस्तप्रसाद घरी नेणारे नेमलेले सेवक असतात. आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला एक तासाच्या उपवासाची अट नाही.

घरी तयारी थोडीच लागते: पलंगाशेजारी छोटे टेबल, स्वच्छ पांढरा कपडा, एक वाटी, एक चमचा, पिण्याचे पाणी. टीव्ही बंद. पण अर्धांगवायूनंतर एक गोष्ट जपायची, ती म्हणजे गिळणे. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. डॉक्टरांना आधी विचारा. त्यांनी हो म्हटले तर आईला पाठीला टेकू देऊन सरळ बसवा, नखाएवढाच तुकडा रसात बुडवून द्या, आणि नंतर अर्धा तास आडवे करू नका. नाकातून नळी असेल तर तोंडाने काही देऊ नका. हात धरून प्रार्थना करणे पुरेसे आहे, हे पाळकही सांगतील. मधुमेहाची काळजी करणाऱ्यांसाठी: चमचाभर रसात साखर एक ग्रॅमपेक्षा कमी असते.

रविवारी टीव्ही लावणे बंद करू नका. आईला ओळखीची गाणी आणि ओळखीचे आवाज ऐकू येतात, ते मोलाचे आहे.

प्रश्न : एखाद्या ॲपवर किंवा एआयसमोर पापनिवेदन (कन्फेशन) करता येते का? फादरसमोर जायला संकोच वाटतो. — एक तरुण, गोराई

नाही. २०११ मध्ये अमेरिकेत पापनिवेदनाच्या तयारीसाठी एक ॲप निघाले आणि एका बिशपांनी त्याला मान्यताही दिली, तेव्हा ॲप धर्मगुरूची जागा घेऊ शकत नाही असा खुलासा व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांना करावा लागला. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्याच एका कॅथोलिक संस्थेने ‘फादर जस्टिन’ नावाचा एआय धर्मगुरू आणला. तो लोकांची पापे ऐकून क्षमा देऊ लागला, तेव्हा दोन-तीन दिवसांत त्याची धर्मगुरूची कॉलर काढून त्याला साधा ‘जस्टिन’ करावे लागले.

आणखी एक व्यवहाराची बाजू आहे. पापनिवेदनातली गोष्ट फादरनी कोणालाही, कोर्टालासुद्धा, सांगायची नाही. ते मौन मोडणाऱ्याला चर्चच्या कायद्यात जबर शिक्षा आहे. ॲपमध्ये टाइप केलेले मात्र कोणत्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते. संकोचच असेल तर आपल्या धर्मग्रामात न जाता माहीम किंवा वांद्रे येथे, जिथे कोणी ओळखत नाही, तिथे जा आणि जाळीमागे बसा. जाळी त्यासाठीच असते. आत्मपरीक्षणाची यादी मोबाइलवर लिहिली तर चालेल, घरी आल्यावर पुसून टाका.

प्रश्न : अर्पणासाठी क्यूआर कोड लावावा असे तरुण संघाचे म्हणणे आहे. वडीलधाऱ्यांना हे दुकान वाटते. सध्या खजिनदारांच्या नंबरवर पैसे घेतो. काय करावे? — एक सचिव, परळ

खजिनदारांच्या नंबरवर घेणे या आठवड्यात थांबवा. माणूस कितीही प्रामाणिक असो, मंडळीचे पैसे त्याच्या खात्यात आले की ते त्याच्या उत्पन्नात दिसतात, त्याचे निधन झाले तर वारसांच्या सहीत अडकतात, आणि उद्या खजिनदार बदलला तर जुना कोड कोणाच्या तरी फोनमध्ये जिवंत राहतो. चर्चचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर हिशेबाला ऑडिट आहे, आणि ऑडिटर पहिले बोट इथेच ठेवतो.

बँकेत जाताना ट्रस्टचे नोंदणी प्रमाणपत्र, ट्रस्टचे पॅन, कमिटीचा ठराव आणि सह्या करणाऱ्यांची कागदपत्रे न्या आणि ट्रस्टच्या चालू खात्याला जोडलेला संस्थेचा क्यूआर मागा. तो आला की तीन वेगळ्या फोनांवरून एक-एक रुपया पाठवून पाहा. स्कॅन केल्यावर पडद्यावर चर्चचे किंवा ट्रस्टचेच नाव आले पाहिजे. हे नाव मोठ्या अक्षरांत कोडच्या खाली छापा आणि ‘हे नाव दिसले तरच पाठवा’ असे लिहा. कोड फ्रेममध्ये, काचेच्या आत, वेदीपासून दूर आणि सेवकांच्या नजरेत हवा. गेटवर उघडा चिकटवलेला कोड नको: त्यावर दुसरा स्टिकर लावायला पाच सेकंद लागतात आणि ते कळायला महिना. म्हणून दर रविवारी उपासनेआधी एका सेवकाने स्कॅन करून नाव पाहायचे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हेही सर्व सेवकांना माहीत असू द्या.

नोंदीच्या रकान्यात ‘दशांश’ (उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे दान), ‘इमारत’, ‘कापणीचा सण’ एवढे लिहायला सांगा. नाही तर महिनाअखेर खजिनदार बारा-आकडी संदर्भ क्रमांक घेऊन कपाळाला हात लावून बसतात.

आता खरा धोका, जो फार कमी कमिट्यांच्या लक्षात येतो. उपासना यूट्यूबवर जाते आणि त्याखाली तुम्ही क्यूआरचे चित्र टाकता. कॅनडात राहणारी, तिथले नागरिकत्व घेतलेली तुमचीच एखादी जुनी सभासद मुंबईतल्या बँकखात्यातून पाचशे रुपये पाठवते. ते रुपयांत आले, मुंबईतून आले, तरी कायद्याने ती परकीय देणगी आहे, कारण देणारी व्यक्ती परदेशी नागरिक आहे. ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचे कार्ड) असले तरी तेच. परकीय देणगी घ्यायला एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी लागते आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच आधी यावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले दान यात मोडत नाही. म्हणून व्हिडिओवर कोड टाकू नका, किंवा टाकलाच तर ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ ही ओळ मराठीत आणि इंग्रजीत ठळक टाका आणि शंका आली की सीएला विचारा.

वडीलधाऱ्यांच्या नाराजीत मात्र तथ्य आहे. अर्पणाच्या थैलीत मूठ उघडली की कोणी किती टाकले ते कळत नाही. यूपीआयमध्ये नाव, रक्कम, वेळ सगळे खजिनदारांना दिसते. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये म्हणून प्रभूने सांगितले, आणि आपण त्याचे स्टेटमेंट काढले. म्हणून ही यादी दोघांपलीकडे जाऊ देऊ नका, तिचा फोटो ग्रुपवर टाकू नका, वार्षिक सभेत नावांनिशी वाचू नका. आणि थैली बंद करू नका. कोड लावल्यावर काही ठिकाणी ती फिरवणेच थांबते. मग हातात दहा रुपये घट्ट धरून बसलेल्या लहान मुलाने आणि फोन नसलेल्या विधवेने काय करायचे?

प्रश्न : आमचे चर्च जुने, दगडी, छत उंच. ऑनलाइन उपासनेत पाळकसाहेब विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात आणि कॉयर (गायकवृंद) ऐकूच येत नाही. नवीन कॅमेरा घ्यावा का? — तरुण संघ, भायखळा

कॅमेरा नको, पैसे आवाजावर घाला. पंधराव्या बाकापाशी तिकाटण्यावर ठेवलेल्या फोनला पाळकांच्या आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज जास्त मिळतो. व्यासपीठाचा माइक तोंडापासून वीतभराहून जवळ हवा. मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (आवाज बाहेर नेण्याच्या जादा जोडणीतून) वेगळी लाइन काढा आणि ती ‘प्री-फेडर’ ठेवा, म्हणजे हॉलमध्ये कोणी आवाज कमी-जास्त केला तरी ऑनलाइनवर परिणाम होत नाही. ही लाइन थेट फोनच्या माइकच्या भोकात घातली की आवाज फाटतो, कारण मिक्सरची पातळी फोनला झेपत नाही. मध्ये छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लागतो.

कॉयर ऐकू येत नाही कारण त्याच्यापुढे माइकच नसणार. दोन-अडीच मीटर पुढे, डोक्यांच्या वर, एक माइक लावा आणि त्याचा आवाज फक्त ऑनलाइनच्या ऑक्सला द्या. हॉलच्या स्पीकरला दिलात तर शिट्टी वाजेल. दुसरा माइक बाकांकडे तोंड करून, अगदी हळू. घरी बसलेल्या माणसाला मंडळीचे ‘आमेन’ ऐकू आले पाहिजे. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर बहुधा चित्र मागे पडलेले असते. ओबीएस या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज शंभर मिलिसेकंदांनी उशिरा करून पाहा. मागच्या खांबांवरच्या स्पीकरनाही असाच उशीर लागतो, पुढच्या स्पीकरपासून दर मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद. तो दिलेला नसला की मागच्या बाकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

७२०पी दर्जाच्या चित्राला चारएक एमबीपीएस अपलोड लागते, म्हणून आठचे कनेक्शन पाहा. डाउनलोडचा आकडा इथे कामाचा नाही. पावसाळ्यात वीज मिनिटभर जाते, म्हणून राउटरला छोटा यूपीएस. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत थांबावे लागते आणि फोनवरून करायचे तर चॅनेलला किमान ५० सदस्य हवेत. हे ईस्टरच्या पहाटे कळून उपयोग नाही.

गाण्यांबद्दल: ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवर आता कोणाचा हक्क नाही. पण नव्या चालीवर किंवा सीडीतल्या गायनावर असू शकतो. उपासनेआधी रेकॉर्ड लावून ठेवतात तिथेच बहुतेक कॉपीराइटचे दावे येतात. कॉयरनेच गायले तर प्रश्न सहसा मिटतो.

कॅमेरा व्यासपीठाकडे ठेवा. एका बाजूची दोन-तीन बाके चित्राबाहेर ठेवून तसे जाहीर करा. आपण चर्चला जातो हे घरी किंवा कामावर न सांगितलेली माणसे मुंबईत थोडी नाहीत, आणि त्यांना बसायला जागा हवी.

प्रश्न : प्रार्थना ग्रुपवर रोज शंभर मेसेज येतात. कोणाच्या कॅन्सरचे रिपोर्टही टाकले जातात. ग्रुप बंद करावा का? — महिला मंडळ, मुलुंड

बंद नको, चालवणारे दोघे नेमा. फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग करा. विनंती त्यांच्याकडे येईल आणि ते ती दोन ओळींत टाकतील: ‘आपल्या एका बहिणीची मंगळवारी शस्त्रक्रिया आहे.’ नाव टाकायचे तर तिला स्वतःला विचारून. तिच्या जावेला विचारणे पुरेसे नाही. आजाराचे नाव आणि रिपोर्ट कधीच नको. देवाला रिपोर्ट लागत नाही, आणि फॉरवर्ड झालेला रिपोर्ट मुलीच्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत जाऊन पोहोचतो. गायब होणारे मेसेज सात दिवसांवर ठेवा, पण स्क्रीनशॉट त्यातूनही सुटतो. आणि प्रत्येक विनंतीपुढे तारीख घालून आठवड्याने ‘आता कशा आहेत’ हे फोन करून विचारणारी एक व्यक्ती ठरवा. हात जोडलेले चाळीस इमोजी येतात आणि डबा घेऊन कोणीच जात नाही, असे होऊ नये.

‘आज रात्री अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना फाशी, ताबडतोब पुढे पाठवा’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. जुलै २००७ मध्ये तालिबानने २३ कोरियन ख्रिस्ती स्वयंसेवकांना पळवले होते. दोघांना मारले आणि बाकीचे ऑगस्टअखेर सुटले. ती खरी घटना संपून वर्षे लोटली, तरी तिच्या आधाराने हा मेसेज अजून फिरतो. ज्यात तारीख नाही आणि ‘ताबडतोब’ आहे, तो पुढे पाठवण्याआधी थांबा. पाळकसाहेबांचा फोटो लावून नव्या नंबरवरून कोणी पैसे मागितले तर जुन्या नंबरवर फोन करून बोला, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा. आवाजाची नक्कल आता सोपी झाली आहे, त्यामुळे ‘आवाज त्यांचाच होता’ यावर विसंबू नका.

प्रश्न : मुलगा मालाडला डेटा तपासणीचे काम करायचा. ते काम आता सॉफ्टवेअर करते. चार महिने घरी आहे, चर्चला येत नाही. मंडळीला यात काय करता येईल? — एक वडील, गोरेगाव

पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये निवड झाल्यावर आपण हे नाव का घेतले ते सांगितले: तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढले होते, आणि एआय ही तशीच दुसरी उलथापालथ आहे. गिरणगावाला हे रोमकडून कळायची गरज नव्हती. जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले अनेक कधी परत कामावर गेले नाहीत. तेव्हाही परळ-भायखळ्याच्या बाकांवरून आधी पुरुष दिसेनासे झाले, कारण ‘सध्या काय करतोस’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. तुमचा मुलगा बहुधा त्याच प्रश्नापासून लांब आहे. मत्तय २० मध्ये पाचच्या सुमारास नाक्यावर उभे असलेले मजूर म्हणतात की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. मालक त्यांना आळशी म्हणत नाही.

घरचे आधी. नोकरी सुटल्याचे पत्र, शेवटचा हिशेब, फॉर्म १६ हातात घ्या. पीएफ एकदम काढून संपवू नका. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. तो वैयक्तिक पॉलिसीत बदलता येतो का हे त्या विमा कंपनीला विचारा. खरे तर हे शेवटच्या दिवसाआधीच करायचे असते, म्हणून ज्यांच्यावर अजून वेळ आली नाही त्यांनीही हे वाचून ठेवावे.

मंडळीने एक छापील तक्ता करावा: कोणाच्या कंपनीत कोणते काम निघते, कोण कोणाचा अर्ज आत पोहोचवू शकते. तो दर महिन्याला नवा करावा आणि नोटीस बोर्डावर न लावता पाळकांकडे ठेवावा. शाळेची फी आणि भाडे यांपुरता तीन महिन्यांचा गुप्त निधी असावा, आणि तो कोणाला दिला हे पाळक व एक पंच एवढ्यांनाच कळावे. मुलाला चर्चला बोलावताना उपासनेलाच बोलावू नका. भायखळ्याच्या तरुण संघाचे पत्र वर छापले आहे; तसा मिक्सर तुमच्याही चर्चमध्ये असेल आणि त्यामागे बसायला डेटा तपासलेला, बारीक चूक चटकन पकडणारा माणूस हवाच असेल. पुढच्या शनिवारी चारला साउंड चेक असला तर त्याला तेवढ्यापुरते बोलवा.